लॉकडाऊनमध्ये परदेशातून घरी यायचं विमान मिळायचं तरी कसं? वंदे भारतपासून एअर बबलपर्यंतची गोष्ट

२२ मार्च २०२०. जनता कर्फ्यूचा दिवस. संध्याकाळी पाच वाजता लोक गॅलऱ्यांमध्ये उभे राहून थाळ्या वाजवत होते. त्याच दिवशी सकाळी आणखी एक गोष्ट झाली होती, पण थाळ्यांच्या आवाजात तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचनंतर जगातल्या कुठल्याही विमानतळावरून भारताकडे नियमित प्रवासी विमान निघणार नाही, असा आदेश लागू झाला होता.

सरकारने मुदत सांगितली होती एक आठवडा. नियमित आंतरराष्ट्रीय विमानं प्रत्यक्षात सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. म्हणजे दोन वर्षं आणि पाच दिवसांनी.

मधल्या काळात लाखो भारतीय परत आले. पण ते आले कसे, हे आज विचारलं तर बहुतेकांना एवढंच आठवतं की "वंदे भारतची विमानं होती ना". ती होती, पण त्यांचं तिकीट नेहमीसारखं मिळत नव्हतं. नेहमी आपण वेबसाइट उघडतो, तारीख टाकतो, पैसे भरतो आणि सीट आपली होते. २०२० च्या मे महिन्यात पैसे असून सीट मिळत नव्हती, कारण सीट विकली जात नव्हती, वाटली जात होती. आधी यादीत नाव लागायचं, मग फोन यायचा, मग पैसे. विमान शोधणं म्हणजे खरं तर आपण कुठल्या यादीत बसतो हे शोधणं होतं.

दारं बंद झाली, तीही टप्प्याटप्प्याने

सुरुवातीला सरकार स्वतः विमानं पाठवून लोकांना आणत होतं. ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीला एअर इंडियाची दोन जंबो विमानं वुहानला गेली आणि ६४७ भारतीयांना घेऊन आली. सोबत मालदीवचे सात जण होते. नंतर इराण, इटली आणि जपानच्या किनाऱ्यावर अडकलेलं 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज, अशा ठिकाणांहूनही लोक आणले गेले. तेव्हा अडकलेले लोक मोजता येण्यासारखे होते.

मार्चमध्ये चित्र पालटलं. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि त्याच दिवशी भारताने जवळपास सगळे व्हिसा स्थगित केले. इथपर्यंत परदेशी पाहुण्यांना बंदी होती. पण १८ मार्चपासून युरोपीय संघातले देश, ब्रिटन आणि तुर्कस्तान इथून येणाऱ्या प्रवाशांना विमानातच घ्यायचं नाही, असं ठरलं. त्यात भारतीय पासपोर्टवालेही आले. १७ मार्चला मलेशिया, फिलिपिन्स आणि अफगाणिस्तानसाठी हाच नियम तातडीने लागू झाला. इतका तातडीने की मनिलाहून निघालेले भारतीय विद्यार्थी क्वालालंपूरच्या विमानतळावर पुढचं विमान पकडायला उतरले, तोवर पुढचं विमान उरलंच नव्हतं. फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी मराठी मुलं बरीच आहेत, त्यामुळे त्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या अनेक घरांत फोन खाली ठेवला जात नव्हता. पुढे क्वालालंपूरहून विशेष विमानांनी या विद्यार्थ्यांना विशाखापट्टणम आणि दिल्लीला आणलं गेलं.

मग २२ मार्च. २४ च्या मध्यरात्री देशांतर्गत विमानंही थांबली आणि २५ पासून लॉकडाऊन सुरू झाला.

यानंतरचे सहा आठवडे सगळ्यात वाईट होते, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. भारतात अडकलेल्या परदेशी नागरिकांना त्यांचे देश विशेष विमानांनी घेऊन जात होते. पण बाहेर अडकलेल्या भारतीयांसाठी भारतात उतरायला परवानगीच नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १३ एप्रिलला न्यायालयाने सुनावणी चार आठवडे पुढे ढकलली आणि सांगितलं, जिथे आहात तिथेच थांबा. सरकारचीही भूमिका तीच होती. साथीच्या दृष्टीने तो सल्ला चुकीचा म्हणता येणार नाही. पण ज्याची नोकरी गेली आहे, व्हिसा संपत आला आहे आणि दहा जणांत एक खोली आहे, त्याने नेमकं कुठे थांबायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं.

फॉर्म भरा आणि फोनची वाट बघा

एप्रिलच्या शेवटी दूतावासांनी नोंदणी सुरू केली. संयुक्त अरब अमिरातीत २९ एप्रिलच्या रात्री फॉर्म ऑनलाइन आला आणि काही दिवसांतच नोंदणीचा आकडा दीड लाखाच्या वर गेला. फॉर्ममध्ये नाव, पासपोर्ट क्रमांक, भारतातला पत्ता, जवळचं विमानतळ आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना, परत का जायचं आहे? बऱ्याच जणांचं कारण एकच होतं. नोकरी गेली.

५ मे रोजी सरकारने योजना जाहीर केली आणि गृह मंत्रालयाने तिची नियमावली काढली. नाव ठेवलं 'वंदे भारत मिशन'. नियमावलीत कुणाला आधी आणायचं ते लिहिलेलं होतं. काम सुटलेले मजूर, अल्प मुदतीच्या व्हिसावर गेलेले आणि व्हिसा संपत आलेले लोक, आजारी माणसं, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरात कुणाचा मृत्यू झाला म्हणून निघालेले आणि विद्यार्थी. या क्रमाने दूतावासाने यादी करायची आणि ती विमान कंपनीकडे द्यायची. नाव लागलं की दूतावासाकडून फोन किंवा ईमेल येणार, मग विमान कंपनीकडे पैसे भरून तिकीट घ्यायचं.

यादी जाहीर होत नसे. आपला नंबर कितवा, हे कुणाला कळत नसे. त्यामुळे काय व्हायचं, तर लोक दिवसभर फोन हातात धरून बसायचे, अनोळखी नंबर आला की धडधड व्हायची, आणि रात्री दूतावासाच्या ट्विटर हँडलला पुन्हा एकदा सगळी कहाणी लिहून टॅग करायचे. व्हॉट्सअॅपवर शहरागणिक ग्रुप झाले होते. कुणाला फोन आला, कुणाला नाही, कुठल्या कारणाला लवकर नंबर लागतो, यावर तिथे चर्चा. याच गर्दीत "यादीत नाव घालून देतो" म्हणणारे भामटेही शिरले. अशा एजंटांना पैसे देऊ नका, असं दूतावासांना जाहीरपणे सांगावं लागलं.

७ मे रोजी पहिली दोन विमानं निघाली. एक अबुधाबीहून कोचीला, दुसरं दुबईहून कोझिकोडला. प्रत्येकात १७७ प्रवासी आणि काही तान्ही बाळं. दीड लाखाहून जास्त नोंदणी आणि पहिल्या दिवशी साडेतीनशे सीट. ७ ते १३ मे या पहिल्या टप्प्यात १२ देशांतून ६४ विमानं आणि सुमारे १४,८०० प्रवासी, असं नियोजन होतं. एवढ्या आकड्यांवरूनच कळतं की बहुतेकांचा फोन वाजणार नव्हता.

फुकट आणलं का?

नाही. हा गैरसमज अजूनही आहे, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. वंदे भारतची तिकिटं प्रवाशांनी स्वतःच्या पैशाने काढली. पहिल्या टप्प्यात अमेरिकेतून यायला सुमारे १ लाख रुपये, लंडनहून सुमारे ५०,०००, अबुधाबीहून कोचीला सुमारे १५,००० आणि ढाक्याहून दिल्लीला सुमारे १२,००० रुपये असे दर सरकारने जाहीर केले होते. उतरल्यावर १४ दिवस क्वारंटाइन, त्याचा खर्चही स्वतःचा. विमानात बसण्याआधीच तसं हमीपत्र लिहून द्यावं लागे.

लंडनहून येणाऱ्या आयटीवाल्याला ५०,००० जड गेले तरी झेपले असतील. पण यादीत सगळ्यात वर ज्याचं नाव होतं तो काम सुटलेला मजूर होता, आणि दोन-तीन महिने पगार न मिळालेल्या माणसाला १५,००० रुपये कुठून आणायचे हा प्रश्न होता. दूतावासांकडे 'भारतीय समुदाय कल्याण निधी' असतो. २००९ पासून चालू असलेला हा निधी अडचणीतल्या नागरिकांसाठीच आहे आणि अगदी हलाखीतल्या काहींची तिकिटं त्यातून निघालीही. बाकीच्यांना मित्रांनी, गाववाल्यांनी, तिथल्या सामाजिक संस्थांनी हात दिला. थोडक्यात, यादीने गरजूला पुढे आणलं आणि तिकीट खिडकीने त्याला पुन्हा मागे ढकललं.

तुलना करायची तर १९९० ची होते. इराकने कुवेतवर हल्ला केल्यावर एअर इंडियाने जॉर्डनमधल्या अम्मानहून एक लाखाहून जास्त भारतीयांना दोन महिन्यांत आणलं होतं. ते युद्धातून सोडवून आणणं होतं. २०२० मध्ये प्रश्न एकाच वेळी सगळ्या जगात होता, त्यामुळे पैसे घेणं समजण्यासारखं आहे, असा युक्तिवाद झाला. जर्मनीने आपले सुमारे २ लाख ४० हजार प्रवासी एप्रिलपर्यंतच परत नेले होते. पैसे त्यांनीही घेतले. फरक एवढाच, की आधी माणसं आणली आणि बिल नंतर पाठवलं.

मुंबईत उतरायचं असेल तर?

पहिल्या टप्प्यातल्या ६४ विमानांची राज्यवार वाटणी अशी होती: केरळ १५, तमिळनाडू ११, दिल्ली ११, महाराष्ट्र ७, तेलंगणा ७, गुजरात ५, उरलेली इतरांना. आखाती देशांतली बहुतेक विमानं दक्षिणेकडे गेली. तिथले सर्वाधिक भारतीय केरळचे, नोंदणीही त्यांचीच जास्त, त्यामुळे हे ओघाने आलं. पण शारजातल्या एखाद्या हॉटेलात काम करणाऱ्या रत्नागिरीच्या माणसाला त्याचा उपयोग काय?

दुसरं कारण मुंबईच. मे महिन्यात मुंबई हे देशातलं सगळ्यात जास्त रुग्णांचं शहर होतं. रुग्णालयांत खाटा मिळत नव्हत्या. बाहेरून येणारं प्रत्येक विमान म्हणजे दोन-तीनशे माणसांची तपासणी, बस आणि हॉटेलच्या खोल्या. म्हणून विमान निघेल की नाही हे परदेशातल्या दूतावासाइतकंच मुंबई महापालिकेकडे किती खोल्या रिकाम्या आहेत यावरही अवलंबून होतं. लंडनहून पहिलं विमान मुंबईत उतरलं ते १० मेच्या पहाटे, सव्वातीनशेच्या आसपास प्रवासी घेऊन. त्याच दिवशी सिंगापूर आणि मनिलाहूनही विमानं आली.

मुंबईत उतरलेला प्रत्येक जण मुंबईचा नसतो. राज्य सरकारच्या त्या काळातल्या प्रसिद्धिपत्रकांत आलेल्या प्रवाशांचे तीन गट दिलेले असायचे: मुंबईचे, उर्वरित महाराष्ट्राचे आणि इतर राज्यांचे. मुंबईकरांना शहरातल्या हॉटेलात ठेवायचं. उर्वरित महाराष्ट्रातल्यांना त्यांच्या जिल्ह्यात पाठवायचं आणि तिथे क्वारंटाइन करायचं. इतर राज्यांतल्यांनी त्यांच्या राज्याचा पास येईपर्यंत थांबायचं.

आणि मुंबईचं विमान मिळालंच नाही तर? मग दिल्ली किंवा हैदराबादला उतरायचं. तिथे क्वारंटाइन पूर्ण करायचं आणि पुढचं पुढे बघायचं. २५ मेपर्यंत देशांतर्गत विमानंच बंद होती. सुरू झाली तेव्हाही मुंबईत दिवसाला फक्त २५ विमानं उतरायला आणि २५ उडायला परवानगी होती. शिवाय महाराष्ट्रात एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जायला ई-पास लागत होता, तो रद्द झाला २ सप्टेंबरला. त्यामुळे "कुठलं का असेना, भारतातलं विमान घेऊ" हा विचार सोपा वाटला तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कधी कधी समुद्र ओलांडण्यापेक्षा अवघड जायचा.

२४ मे रोजी नियम थोडा सैल झाला. सात दिवस पैसे भरून संस्थेत आणि पुढचे सात दिवस घरी. गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजारी आणि दहा वर्षांखालच्या मुलांचे आईवडील यांना थेट घरी विलगीकरणात राहायची मुभा मिळाली. पुढे ८ ऑगस्टपासून ९६ तासांच्या आतला आरटी-पीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट दाखवला की संस्थात्मक क्वारंटाइनमधून सूट मागता येऊ लागली. त्यासाठी प्रवासाच्या ७२ तास आधी ऑनलाइन अर्ज करायचा होता. राज्यांना स्वतःचे कडक नियम लावायचा अधिकार होताच.

आईबाबांना तिकीट, बाळाला नाही

सगळ्यात विचित्र अडचण अमेरिकेत आली. एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या जोडप्याची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत देश सोडावा लागतो. पण त्यांचं मूल तिथे जन्मलेलं असेल तर ते अमेरिकी नागरिक. अशा मुलांकडे ओसीआय कार्ड असतं आणि एरवी त्यावर भारतात व्हिसाशिवाय येता येतं. मार्चमध्ये भारताने सगळे व्हिसा थांबवले तेव्हा ओसीआयची ही सवलतही थांबवली होती.

परिणाम असा, की भारतीय पासपोर्ट असलेल्या आईबाबांचं नाव यादीत लागलं, पण वर्ष-दोन वर्षांच्या बाळाला विमानात घेता येईना. बाळाला सोडून जाणं शक्य नाही, थांबावं तर व्हिसाची मुदत संपते. बातम्या झाल्या, ट्विटरवर ओरड झाली. २२ मे रोजी गृह मंत्रालयाने भारतीय नागरिकांच्या परदेशात जन्मलेल्या, ओसीआय कार्ड असलेल्या अल्पवयीन मुलांना परवानगी दिली. घरात मृत्यू किंवा तशी तातडी असलेले इतर ओसीआय कार्डधारकही त्यात आले. कार्डच काढलेलं नव्हतं अशा तान्ह्या बाळांचा प्रश्न मात्र तेवढ्याने सुटला नाही.

मधली सीट कोर्टात

दरम्यान एक वेगळा वाद मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला. रस्त्यावर दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवा म्हणणारं सरकार विमानात मात्र मधल्या सीटवर माणूस बसवत होतं. एअर इंडियाच्याच एका वैमानिकाने त्याविरुद्ध याचिका केली. उच्च न्यायालयाने मधली सीट रिकामी ठेवायला सांगितलं. सरकार आणि कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ मे, ईदची सुट्टी असताना सुनावणी झाली. न्यायालयाने ६ जूनपर्यंत मधल्या सीटसह उड्डाणं चालू ठेवायला परवानगी दिली, पण विमान कंपन्यांच्या तब्येतीपेक्षा नागरिकांच्या तब्येतीची काळजी करा, असंही सुनावलं.

आता हा प्रश्न वाटतो तेवढा सरळ नव्हता. मधली सीट रिकामी म्हणजे विमानातली जवळपास एक तृतीयांश माणसं मागे राहणार. यादीत वाट बघणाऱ्यांसाठी सुरक्षित अंतर म्हणजे आणखी काही आठवडे. शेवटी १५ जूनला उच्च न्यायालयाने मधली सीट भरायला हरकत नाही असा निकाल दिला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. मधल्या सीटवरच्या प्रवाशाला अंगभर गाऊन द्यायचा, हा नियम तेव्हाचा. त्या गाऊनमधले सेल्फी आजही अनेकांच्या फोनमध्ये सापडतील.

समुद्राच्या वाटेने

सगळे विमानाने आले असं नाही. नौदलाने 'ऑपरेशन समुद्र सेतू' चालवलं. 'आयएनएस जलाश्व' १० मे रोजी मालदीवमधल्या मालेहून ६९८ जणांना घेऊन कोचीला पोहोचली. मालदीव, श्रीलंका आणि इराणमधून मिळून ३,९९२ भारतीय नौदलाच्या जहाजांनी आणले.

गोव्याची गोष्ट वेगळीच आहे. गोव्यातले हजारो लोक क्रूझ आणि मालवाहू जहाजांवर काम करतात. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. क्रूझचा धंदा बंद पडल्यावर प्रवासी उतरले, पण कर्मचारी जहाजावरच राहिले, कारण बंदरं त्यांना उतरवून घेईनात. 'मरेला डिस्कव्हरी' नावाचं जहाज तर मुंबईजवळ येऊन थांबलं होतं. त्यावर सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी होते, त्यांत अनेक गोव्याचे. समोर मुंबई दिसते आहे, पण उतरायचं कसं याचा नियमच अस्तित्वात नव्हता. २१ एप्रिलला गृह मंत्रालयाने भारतीय खलाशांच्या चढण्या-उतरण्याची नियमावली काढली आणि २३ एप्रिलला ते मुंबई बंदरात उतरले. मे महिन्यात रोमहून चार्टर विमानांनीही गोव्याचे खलाशी दाबोळीला आले. यांना दूतावासाच्या यादीची वाट बघावी लागली नाही. खलाशांना घरी पोहोचवणं ही जहाज कंपनीची जबाबदारी असते, त्यामुळे विमान ठरवणारं कुणीतरी होतं. हॉटेलातल्या वेटरच्या मागे असं कुणी नव्हतं.

चार्टरचा हाच मार्ग पुढे आखाती देशांत मोठा झाला. मेच्या शेवटी चार्टर विमानांचे नियम आले आणि तिथल्या संघटना, कंपन्या एकत्र येऊन अख्खं विमान भाड्याने घेऊ लागल्या. केरळी संघटना यात सगळ्यात पुढे होत्या. ज्या समाजाची संघटना मजबूत, त्याचं विमान आधी, असा तो हिशेब होता.

वेबसाइट उघडली आणि कोसळली

जूनमध्ये पद्धत बदलली. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपच्या विमानांचं बुकिंग ५ जूनच्या संध्याकाळी पाच वाजता एअर इंडियाच्या वेबसाइटवर थेट खुलं झालं. दूतावासात नोंदणी हवीच, पण आता फोनची वाट बघायची नव्हती. पटकन जो बुक करेल त्याची सीट. पुढे काय झालं असेल ते दहावीच्या निकालाच्या दिवशी वेबसाइट उघडून बघितलेल्या कुणालाही कळेल. सुमारे सहा कोटी हिट आल्याचं सांगितलं गेलं. पेमेंट अडकलं, ओटीपी आला नाही, पैसे कापले गेले पण तिकीट नाही, अशा तक्रारींनी ट्विटर भरलं.

यादीची पद्धत अपारदर्शक होती हे खरं. पण गर्भवती आणि वृद्ध यांना ती निदान पुढे तरी आणत होती. वेबसाइटला वेगवान इंटरनेट आणि क्रेडिट कार्ड एवढंच दिसतं.

याच सुमारास अमेरिकेने आक्षेप घेतला. २२ जूनच्या आदेशात तिथल्या वाहतूक विभागाने म्हटलं की एअर इंडिया 'अडकलेल्यांना आणतो' असं सांगून प्रत्यक्षात सर्वसामान्यांना तिकिटं विकते आहे आणि कोविडआधीच्या निम्म्याहून जास्त फेऱ्या करते आहे, अमेरिकी कंपन्यांना मात्र भारतात येऊ दिलं जात नाही. एक महिन्यानंतर एअर इंडियाच्या प्रत्येक चार्टरला आधी परवानगी लागेल, असं त्यांनी बजावलं. अमेरिकेचा हेतू अर्थातच धंद्याचा होता. पण त्यामुळे भारतीय प्रवाशांचा फायदा झाला.

एअर बबल म्हणजे काय होतं?

दोन देशांनी आपापसात करार करायचा. तुमच्या एवढ्या विमान कंपन्या आमच्याकडे, आमच्या एवढ्या तुमच्याकडे, आणि ठरलेले प्रवासीच त्यातून जातील. जुलैच्या मध्यावर अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनी यांच्यापासून सुरुवात झाली. एअर फ्रान्सने १८ जुलैपासून पॅरिसहून दिल्ली, मुंबई आणि बेंगळुरूला, तर युनायटेडने अमेरिकेहून विमानं सुरू केली. नंतर ब्रिटन, कॅनडा, मालदीव, अमिराती, कतार असे देश जोडले गेले.

प्रवाशाच्या दृष्टीने फरक मोठा होता. आता दूतावासात नोंदणी नको, यादी नको, एकापेक्षा जास्त कंपन्या आहेत म्हणून दरही तुलना करून बघता येतात. जवळपास नेहमीसारखं तिकीट. अडचण होती ती ज्यांच्या देशाशी बबल नव्हता त्यांची. त्यांना वंदे भारतच्या पुढच्या टप्प्याचीच वाट बघावी लागे. आणि दोन देशांच्या मधल्या तिसऱ्या देशात विमान बदलून येता येईल का, हे प्रत्येक करारात वेगळं असे. तिकीट काढण्याआधी ते न वाचल्यामुळे विमानतळावरून परत फिरावं लागलेल्यांचे किस्से त्या काळात खूप ऐकू येत.

आणि बबल फुटायचेही. भारत आणि जर्मनीचं फेऱ्यांवरून बिनसलं तेव्हा लुफ्थान्साने ३० सप्टेंबर ते २० ऑक्टोबर अशी सगळी विमानं रद्द केली. डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये विषाणूचा नवा प्रकार सापडला आणि नाताळच्या तोंडावर तिथली विमानं थांबली. ती भारताकडे पुन्हा सुरू झाली ८ जानेवारीला. महाराष्ट्राने युरोप आणि आखातातून येणाऱ्यांना पुन्हा संस्थात्मक क्वारंटाइन लावलं. घरी जायचं म्हणून निघालेला माणूस मुंबईच्या विमानतळावरून थेट हॉटेलात.

७ ऑगस्टची रात्र

या सगळ्या मोहिमेत एक अपघात झाला. ७ ऑगस्ट २०२० ला वंदे भारतचं दुबई-कोझिकोड विमान मुसळधार पावसात धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळलं. विमानात १९० जण होते, २१ जणांचा मृत्यू झाला. त्यात दोन्ही वैमानिक होते. मुख्य वैमानिक दीपक साठे हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर. त्यांचे आईवडील नागपूरला होते. मोहिमेची पहिली दोन विमानं ७ मे रोजी आली होती, त्यातलं एक याच मार्गावरचं. बरोबर तीन महिन्यांपूर्वीचं.

जुन्या तिकिटांचं काय झालं?

ज्यांनी वंदे भारतचे पैसे भरले त्यांच्यातल्या अनेकांचं आधीचं तिकीट रद्द झालेलं होतं आणि त्याचे पैसे विमान कंपनीकडे अडकले होते. कंपन्या रोख परत करायच्या ऐवजी 'क्रेडिट शेल' द्यायच्या, म्हणजे तेवढ्या रकमेचं नंतरचं तिकीट. घरी यायला पैसे हवेत तेव्हा हातात कूपन. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. लॉकडाऊनच्या काळात, लॉकडाऊनमधल्याच प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे परत. त्याआधी काढलेल्यांना परतावा द्यायचा, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असा क्रेडिट शेल द्यायचा, दरमहा थोडी वाढ देऊन. तोही वापरला नाही तर रक्कम परत. एजंटकडून तिकीट काढलेलं असेल तर पैसे एजंटमार्फत यायचे. म्हणजे दुबईतल्या ज्या ट्रॅव्हल्सने तिकीट काढून दिलं ती लॉकडाऊनमध्ये बंद पडली असेल, तर निकाल हातात असूनही वणवण चुकत नव्हती.

नियमित विमानं सुरू व्हायच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेली हजारो मुलं पुन्हा अडकली. महाराष्ट्रातली मुलं याही वेळी होती. 'ऑपरेशन गंगा'मध्ये रोमानिया, हंगेरी, पोलंड आणि स्लोव्हाकियाहून विमानांनी लोक आणले गेले आणि एकूण सुमारे २२,५०० भारतीय परत आले. या विमानांचा खर्च सरकारने केला, मुलांकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत. सीमेपर्यंत मात्र त्यांना बर्फातून, मिळेल त्या बस आणि रेल्वेने स्वतःच पोहोचावं लागलं. आणि ६ मार्चला कीव्हमधल्या दूतावासाने ट्विट केलं, अजून युक्रेनमध्ये असलेल्यांनी तातडीने हा गूगल फॉर्म भरावा.